राजेळी तयार झाली की

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी अण्णा, आई आणि मी गिरीजहून जर्मनीला गेलो आणि एकवीस दिवसांनी परत आलो. जाताना सामानात सदतीस कच्ची राजेळी केळी होती. येताना सुकेळ्यांचा एक पुडा होता. त्यात अकरा सुकेळी आहेत. या एकवीस दिवसांत वसंतकाकांनी, म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाने, अण्णांना एकदाही ओळखले नाही.

आज रविवार आहे आणि मी फुलपाड्याच्या घरून सकाळीच वाडीत आले आहे. मांडवाची जागा बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, दक्षिणेला, जिथे माडांची सावली सगळ्यात उशिरा पोचते. चार मेढींचे चार खड्डे दिसतात. एरवी या दिवसांत त्यांत मेढी उभ्या असायच्या, वर बांबूच्या कामट्यांची चटई आणि चटईवर ओळीने मांडलेली सोललेली केळी. यंदा मांडव घातलेला नाही. राजेळीची पाच लोंगरे, म्हणजे घड, झाडावरच आहेत. त्यांतली दोन पिकून फुटली आहेत आणि वटवाघळांनी खाल्लेली साले खाली पडली आहेत. अण्णा घरात आहेत. मी फाटकातून आत येताना त्यांनी खिडकीतून पाहिले, पण ते बाहेर आले नाहीत.

फुटलेल्या केळ्यांचा वास येतो आहे. हा तो वास नव्हे.

तो वास आधी रांजणातून यायचा. दसरा झाला की पोसलेली लोंगरे उतरवायची, फण्या सुट्या करायच्या, आतून पेंढ्याने मढवलेल्या मोठ्या रांजणात रचायच्या आणि तोंडाशी गोवरीची धग द्यायची. पहिले दोन दिवस ओल्या पेंढ्याचा आणि धुराचा वास. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यात काहीतरी गोड मिसळे, आणि मग एका सकाळी धूर, पेंढा सगळे मागे पडून नुसते गोड उरे. आजोबा म्हणत, केळ्यांनी हाक मारली. त्या दिवशी कोणी शाळेत वेळेवर पोचत नसे. साली काढायच्या, केळी मांडवावर. दिवसभर ऊन. संध्याकाळी ती गोळा करून केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपटात गुंडाळून ठेवायची, म्हणजे दिवसाची ऊब आत राहते आणि पाक सुटतो. सकाळी पुन्हा मांडवावर. सात-आठ दिवसांत मनगटाएवढे केळे अंगठ्याएवढे होई, रंग मधाचा, आणि हाताला चिकटेना असे झाले की सुकेळे झाले.

त्या दिवसांचा आवाजही वेगळा होता. चटईवरून केळे परतताना कामटीपासून सुटल्याचा बारीक आवाज होतो, ओठ उघडल्यासारखा. शेकडो केळी परतली जात तेव्हा तो आवाज ओळीने पुढे सरकत जाई. वर कावळे, खाली आजी, तिच्या हातात चिंध्या बांधलेली काठी. शेजारच्या वाडीतली ख्रिस्ती कुटुंबे संध्याकाळच्या घंटेला काम थांबवत आणि आम्हीही त्याच घंटेला केळी गोळा करायला घेत. देवळाची घंटा आमच्या कामाला कधी जुळली नाही, चर्चची जुळली.

कामाची वाटणी ठरलेली होती. मांडायची थोरल्याने, परतायची धाकट्याने. अण्णा मांडत, काका परतत. काका केळ्याकडे पाहत नसत. नजर रस्त्यावर किंवा माडाच्या शेंड्यावर, आणि अंगठ्याने दाबून निकाल सांगत जात: उद्या, परवा, हे झाले. चुकत नसत. आणि पुड्याची शेवटची गाठ थोरल्याने मारायची, हा आमच्या घरचा रिवाज. अकरा-अकरा सुकेळ्यांची जुडी सोपटात गुंडाळायची, केळीच्याच सालपटाचा बंद वरून दोनदा फिरवायचा, आणि जिथे बंद एकमेकांवरून जातो तिथे धाकट्याने बोट ठेवायचे. थोरला त्या बोटावरून गाठ आवळतो, आणि नेमक्या शेवटच्या क्षणी बोट निसटते. बोट आधी काढले तर गाठ सैल पडते, उशिरा काढले तर अडकते. आजोबा गेल्यावर पहिल्या हंगामात अण्णांनी गाठी मारल्या तेव्हा काकांचे बोट दोनदा अडकले. दोघे हसले नाहीत. तिसऱ्या पुड्यापासून जमले, ते कायमचे.

काका तेविसाव्या वर्षी जर्मनीला गेले. कोलोनपासून गाडीने चाळीस मिनिटांवरच्या एका गावात, यंत्रांच्या कारखान्यात फिटर म्हणून. तिथेच उर्सुला नावाच्या मुलीशी लग्न केले. आजीच्या तोंडी ते नाव बसेना. तिने दोन दिवस प्रयत्न केला आणि तिसऱ्या दिवशी सुनेचे नाव उषा ठेवून मोकळी झाली. उषाकाकू आजही आम्हाला लिहिलेल्या पत्राखाली तेच नाव लिहितात. मूलबाळ नाही. कारखान्यातले बाकीचे लोक ऑगस्टमध्ये रजा घेत, काका नोव्हेंबरमध्ये घेत. दर दोन-तीन वर्षांनी ते मांडवाच्या दिवसांत हजर असत. विमानतळावरून घरी आले की बूट काढायचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि मांडवाशी जायचे. अण्णा वर न पाहता विचारत, "आलास?" काका म्हणत, "आलो." तीन वर्षांची बातचीत एवढ्यात होई.

मी नऊ वर्षांची असताना एका दुपारी अर्नाळ्याच्या बाजूने ढग आला. मांडवावर शेवटच्या दिवसाची केळी होती. घरात ताडपत्री एकच, ती कांद्यावर घातलेली. अण्णांनी अंगातला सदरा काढून पसरला, आईने दोरीवरची लुगडी ओढली, आणि तरी एक कोपरा उघडा राहिला. काका त्या कोपऱ्यावर पालथे पडले, हातपाय पसरून, जर्मनीच्या स्वेटरसकट. सर दहा मिनिटांत गेली. उठले तेव्हा स्वेटरला पंधरा-वीस केळी चिकटली होती. अण्णा एकेक केळे सोडवत होते आणि दोघे भाऊ इतके हसत होते की आजी घरातून विचारत होती, काय झाले. ‘सांग’ला ‘हांग’ म्हणणाऱ्या आमच्या बोलीत तिने ते कसे विचारले ते मला ऐकू येते. ती बोली आता आमच्या घरात पूर्ण बोलणारे दोघेच उरले आहेत, अण्णा आणि आई. तिसरे काका.

काका वाडीत शेवटचे आले त्याला बारा वर्षे झाली. पुढे गुडघे, मग साथ, मग विसरण्याचा आजार. आधी किल्ल्या, मग रस्ते. गेल्या वर्षी काकूंनी कळवले की ते जर्मन विसरू लागले आहेत. पन्नास वर्षे बोललेली भाषा मागच्या मागे गळत गेली आणि खाली जी होती ती उघडी पडली. काकूंना आमच्या बोलीतले पंधरा-वीस शब्द येतात. पाणी, जेव, बस, पुरे. त्यांनी लिहिले, तो दिवसभर बोलतो आणि मला कळत नाही, तुम्ही या.

हे पत्र मार्चमधले. आम्ही जूनमध्ये जाऊ शकत होतो. माझी रजा मंजूर झाली होती. जूनच्या पहिल्या रविवारी व्हिडिओ कॉल झाला. काकांनी अण्णांकडे पाहिले, लगेच ओळखले आणि विचारले, दादा, कधी येतोस. अण्णा म्हणाले, "राजेळी तयार झाली की येतो."

नंतर मी अण्णांना विचारले की जूनमध्ये का नाही. ते म्हणाले, पावसात जाऊन नेणार काय? त्यांनी सगळे ठरवले होते. कच्ची केळी घेऊन जायचे आणि तिथे दोघांनी मिळून सुकेळी करायची. डोके विसरले तरी अंगठा विसरणार नाही, हे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटले. मी नियम तपासले: युरोपात प्रवाशाला जी मोजकी फळे कागदपत्राशिवाय नेता येतात, त्यांत केळे आहे. सोपट चालते का, ते मी विचारले नाही. केळी सोपटात गुंडाळून, वरून जुन्या वर्तमानपत्राची पाने लावून बॅगेत भरली. जून ते नोव्हेंबर पाच महिने होतात, याचा हिशेब आम्हा तिघांपैकी कोणी मांडला नाही. मीही नाही.

त्या पाच महिन्यांत अण्णांनी दोन लोंगरांची जी निगा राखली तशी मी कधी पाहिली नव्हती. गोणपाट बांधले, टेकू दिले, रोज सकाळी जाऊन पाहिले. आई म्हणायची, "भावाला न्यायचंय का सासरी पाठवायचंय?" ऑगस्टनंतर व्हिडिओ कॉलवर काका आमच्याकडे पाहत नसत. काकू म्हणाल्या, फोनचा पडदा त्यांना कळत नाही. आम्ही ते मानले.

कोलोनच्या विमानतळावर बॅग उघडली गेली. अधिकाऱ्याने एक केळे हातात घेऊन वजन केल्यासारखे खालीवर केले आणि मला विचारले, जर्मनीत केळी मिळत नाहीत असे तुम्हाला वाटते का. मी अण्णांना सांगितले. अण्णा मराठीत म्हणाले, मिळतात, पण ती केळी नाहीत. मी भाषांतर केले: भावासाठी भेट आहे. त्याने केळे परत ठेवले आणि वर्तमानपत्राचे पान नीट दुमडून दिले.

काकूंचे घर दुसऱ्या मजल्यावर. काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. खाली बसथांबा, एक सायकलचे दुकान आणि पानगळ झालेली चार झाडे. आई दारातूनच म्हणाली, "भावजी, आलो हां आमी." काकांनी मान वळवली. त्यांचा चेहरा उजळला. "वैनी," ते म्हणाले. मग तिच्या मागे पाहिले, माझ्यावरून, अण्णांवरून, जिन्यापर्यंत. आमच्या बोलीत विचारले, "दादा कटे हाय?" म्हणजे कुठे आहे.

आई म्हणाली, हे काय, पुढे उभे आहेत. काकांनी अण्णांकडे पाहिले आणि पाहुण्याकडे पाहून हसतात तसे हसले.

आईला ओळखले आणि अण्णांना नाही, याचे कारण मी त्यांच्या डॉक्टरीणबाईंना विचारले. त्यांनी सांगितले, कारण शोधू नका आणि त्यांना दुरुस्त करू नका. मी ते तसेच घरात सांगितले. अण्णांनी विचारले, "दुरुस्त म्हंजे काय? मी आहे ते सांगायचं नाही?"

त्याच संध्याकाळी बॅग उघडली. काकांनी केळी पाहिली. उठून आले, एक उचलले, अंगठ्याने दाबले आणि खिडकीकडे पाहत म्हणाले, अजून आठ दिवस. मग खुर्चीत जाऊन बसले आणि आईला समाधानाने सांगितले, "राजेळी आली. आता दादा येल." जूनचे ते एक वाक्य त्यांच्यात राहिले होते. अण्णा तेव्हा सोपटे उलगडत होते. त्यांचे हात थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा बाल्कनीत उभे होते. फोनवर त्यांनी काकूंना आधीच विचारले होते की बाल्कनीत ऊन येते का, आणि काकू हो म्हणाल्या होत्या. साडेआठ वाजले होते आणि आकाश भांड्याच्या बुडासारखे होते. अण्णांनी मला विचारायला सांगितले, ऊन किती वाजता येते. काकूंनी नीट विचार करून उत्तर दिले: एप्रिलमध्ये.

गिरीजचा माणूस नोव्हेंबरला ऊन धरूनच चालतो. वर्षातले सगळ्यात कोरडे, सगळ्यात खात्रीचे ऊन. ते पृथ्वीवर सगळीकडे असते असे अण्णांना वाटले होते, असे नाही. ते नसते हे कधी त्यांच्या मनातच आले नव्हते. माझ्याही नाही, आणि मी तर फुलपाड्यात चौथ्या मजल्यावर राहते, जिथे कपडे पंख्याखाली वाळतात.

तरी केले. रांजण नव्हता, म्हणून काकूंचे नाताळात बदक शिजवायचे मोठे पातेले. पेंढा नव्हता, म्हणून काकू पाळीव प्राण्यांच्या दुकानातून सशांसाठी मिळतो त्या पेंढ्याच्या दोन पिशव्या घेऊन आल्या. पिशवीवर सशाचे चित्र होते. आई म्हणाली, "बरं झालं, ससा नाही आणला." गोवरीच्या जागी घर तापवण्याची लोखंडी नळ्यांची शेगडी, भिंतीला जोडलेली. सातव्या सकाळी पातेल्याने हाक मारली. वास तोच होता. मी डोळे मिटले नाहीत, पण स्वयंपाकघराच्या दारात थांबले. काका खुर्चीतून उठले आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडू लागले.

सदतीस केळी सोलली. मांडव म्हणजे काकूंचे कपडे वाळत घालायचे घडीचे स्टँड, त्यावर जाळी, आणि ते शेगडीला टेकवून. घरातल्या तिन्ही शेगड्या पूर्ण सोडल्या. आत आम्ही घामाघूम, बाहेर काचेवर दव. अण्णांनी मांडायला घेतले. काका त्यांच्या मागोमाग सरकत परतू लागले. नजर खिडकीबाहेर बसथांब्यावर, अंगठा केळ्यावर. उद्या. परवा. हे नाही व्हायचे. अण्णांचा अंदाज खरा ठरला होता. अंगठ्याला सगळे आठवत होते. दोघे भाऊ अकरा वर्षांनी एका मांडवाशी उभे होते आणि त्यांतला एक दुसऱ्याला सांगत होता, नीट मांड, जागा सोड, दादा आला की रागावेल.

"रागावतो का फार?" अण्णांनी विचारले.

काका म्हणाले, "बोलत नय. पण कळते."

रोज हेच. दुपारी काका खिडकीत बसत आणि थांब्यावर उतरणारी माणसे मोजत. बस दर वीस मिनिटांनी येई. बस गेली की आईला विचारत, दादा कटे हाय. आई पहिले काही दिवस खरे सांगत राहिली. मग म्हणू लागली, येतात. अण्णा त्याच खोलीत असत.

अण्णांनी फोटो दाखवले. काकांनी फोटोतल्या तरुण अण्णांवर बोट ठेवून "दादा" म्हटले आणि फोटो आपल्या खिशात घातला. अण्णांनी आजोबांच्या गोष्टी सांगितल्या, बावखलात बुडता बुडता वाचल्याची, शाळेच्या मास्तरांच्या टोपीची. काका ऐकत आणि शेवटी म्हणत, हे तुला दादाने सांगितले ना. बाराव्या दिवशी अण्णांनी मला चिठ्ठीवर एका वस्तूचे नाव लिहून काकूंना द्यायला सांगितले. काकू दुकानातून केस काळे करायचा रंग घेऊन आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांत अण्णांनी केसांना रंग लावला नव्हता. ते न्हाणीघरात पाऊण तास होते. बाहेर आले तेव्हा केस काळे, मिशी काळी, आणि कानाच्या पाळीला रंग लागलेला. अण्णा काकांच्या खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी हात कमरेवर ठेवला, फोटोत होता तसा.

काकांनी बराच वेळ पाहिले. मग आईला जवळ बोलावले आणि आवाज खाली करून म्हणाले, "वैनी, ह्या मानसाला हांग, घरी जा. दादा येल ना."

अण्णा परत न्हाणीघरात गेले. पाण्याचा आवाज खूप वेळ येत राहिला. रंग निघाला नाही. परत आल्यावर वाडीत लोक विचारत, जर्मनीला जाऊन जवान झालात, आणि अण्णा मान हलवत.

केळ्यांतली बरीचशी आंबली. काहींवर पांढरी बुरशी आली. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन वास कसला आहे ते विचारून गेल्या. काकूंनी त्यांना काय सांगितले ते मला कळले नाही, पण त्या दोघी जिन्यात थोडा वेळ एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या. विसाव्या दिवशी, म्हणजे निघण्याच्या आदल्या दिवशी, काकांच्या अंगठ्याने अकरा केळी पास केली. रंग मधाचा नव्हता, काळपट होता. बरोबर एक पुडा.

तो काकांनी स्वतः बांधायला घेतला. जेवणाचे टेबल पुसून घेतले, आम्ही नेलेले सोपट ओल्या फडक्याने नरम केले, जुडी रचली, गुंडाळली. बंद दोनदा फिरवला. जिथे बंद एकमेकांवरून जातो तिथे उजव्या हाताचे पहिले बोट ठेवले. आणि थांबले.

अण्णा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होते. ते उठले, वाकले, बंदाची दोन टोके धरली. या क्षणासाठी त्यांनी पाच महिने दोन लोंगरे सांभाळली होती. बोटे इतकी जवळ होती की मला वाटले, आता हात ओळखेल. काकांनी डाव्या हाताने अण्णांच्या मनगटावर चापट मारली. जोरात नाही, मूल ताटात हात घालते तेव्हा मारतात तशी.

"हात नको लावू," ते म्हणाले. "गाठ दादा मारील."

"मीच दादा हाय रे," अण्णा म्हणाले. एकवीस दिवसांत त्यांनी हे थेट असे एकदाच म्हटले. "वसंता, मीच हाय."

काका खिडकीकडे पाहत होते. बस आली, तिघे उतरले, बस गेली. बोट बंदावर होते. पुढची बस आली. अण्णा बंदाची टोके सोडून खुर्चीत बसले. मी घड्याळ पाहिले होते. काकांनी ते बोट पंचवीस मिनिटे तसेच धरले. मग काकू गोळ्या घेऊन आल्या, त्यांनी "पुरे" हा त्यांना येणारा शब्द म्हटला आणि बोट हळूच उचलून हातात पेला दिला.

निघताना टॅक्सी खाली उभी होती. आईने काकांच्या डोक्यावरून हात फिरवला. अण्णा दारात बूट घालत होते. काका पुडा घेऊन त्यांच्याकडे आले. दोन्ही हातांनी धरला होता, बंद सुटू नये म्हणून.

"तू गिरीजला जातो ना?" त्यांनी विचारले. अण्णा हो म्हणाले. "मग हा दादाला दे. त्याला हांग, गाठ ठेवलीय त्याच्यासाठी."

अण्णांनी पुडा घेतला. म्हणाले, "हांगतो."

विमानात तो त्यांच्या मांडीवर होता. मुंबईला कोणी बॅग उघडली नाही.

घरी आल्यावर आईने एकदा म्हटले की आता गाठ मारून टाका, बंद सुटेल, मुंग्या लागतील. अण्णा म्हणाले, "ज्याच्यासाठी ठेवलीय तो आला की मारील." आईने कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या.

दुपारचे बारा वाजले आहेत. मांडवाच्या जागेवर पूर्ण ऊन आहे, माडांची सावली अजून बावखलाच्या पलीकडे. हाताला चटका बसेल असे कोरडे ऊन, आणि त्यात वाळत घालायला काही नाही. मी एका खड्ड्यातला पालापाचोळा काढला. तळाशी गेल्या वेळच्या मेढीचा कुजका तुकडा होता. अण्णा आता ओट्यावर येऊन बसले आहेत. वर्षभर न कापलेल्या केसांत काळा रंग टोकांशी थोडा उरला आहे, मुळांशी सगळे पांढरे. मी विचारले, उरलेली तीन लोंगरे तरी उतरवायची का. त्यांनी विचारले, परतणार कोण.

काल उषाकाकूंचा फोन आला होता. काका आता कमी बोलतात. जेवण भरवावे लागते. खुर्ची तीच आहे, खिडकीजवळ. नोव्हेंबर लागल्यापासून ते सकाळी उठले की पँट गुडघ्यापर्यंत दुमडतात. बस आली की बाहेर पाहतात.

पुडा अण्णांच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. बंद दोनदा फिरवलेला आहे. गाठ मारलेली नाही.